कच्च्या पुस्तकातली दोन पानं

हे मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही. नितीनला नाही — तो माझा नवरा, आणि ज्यांच्याबद्दल हे आहे त्यांचा मुलगा. आईला नाही, बहिणीला नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नाही, असं मी स्वतःला इतक्या वेळा समजावलं आहे की मध्यंतरी काही महिने ते मला खरंही वाटत होतं. एक पुस्तक होतं. त्यातली दोन पानं होती. आणि सासरे होते — अण्णा. ते मागच्या थंडीत गेले.

सुरुवात माणसापासून करायला हवी, कळतं मला. पण पुस्तकापासून केली तर सोपं जाईल. सोपं ते आधी करायची माझी जुनी सवय आहे. पुढे दिसेलच ते.

मी प्रोग्रॅमिंगचं काम करते. कंपनी पुण्याची, मी नाशिकला, इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमधून काम करते. आमच्या क्षेत्रात एक पद्धत आहे, बाहेरच्यांना ती विचित्र वाटते. काही पुस्तकं लिहून पूर्ण व्हायच्या आधीच विकतात. लेखकाचं एक प्रकरण झालं की ते संगणकावर येतं, मग महिन्या-दोन महिन्यांनी पुढचं. आपण पैसे आधीच भरलेले असतात. वाचायचं, चुका सापडल्या तर प्रकाशकाच्या वेबसाइटवर वाचकांसाठी एक जागा असते तिथे लिहायच्या. लेखक त्या दुरुस्त करतो. असं करत वर्ष-दीड वर्षात पुस्तक पुरं होतं आणि छापील प्रत घरी येते. निदान येईल असं म्हणतात. छपाईची तारीख पुढे जाते, परत पुढे जाते. त्यात कोणाला नवल वाटत नाही.

या पुढे जाणाऱ्या तारखेचा मी नंतर कसा उपयोग केला, तेच सांगायचं आहे. पण थांबा.

मला पडद्यावर फार वेळ वाचवत नाही. म्हणून प्रकरण आलं की मी शालिमारजवळ रफिकभाईंच्या दुकानातून ते छापून, स्पायरल लावून आणायची. असंच एक प्रकरण जेवणाच्या टेबलावर पडलं होतं, आणि अण्णांनी ते उचललं.

अण्णा मूळचे कळवणकडचे. दहावीनंतर नाशिकला आले आणि भद्रकालीतल्या एका छापखान्यात लागले. आधी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, मग मालकांनी त्यांची नजर ओळखली आणि प्रुफं वाचायला बसवलं. शाळेची गाईडं, पंचांगं, डायऱ्या, दरपत्रकं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. इंग्रजी त्यांना बोलता येत नसे, वाचलेलं सगळं समजतही नसे, पण चुकलेलं अक्षर मात्र त्यांच्या तावडीतून सुटत नसे. सगळी नोकरी त्यांनी एका खुर्चीत केली. छापखाना बंद झाला तेव्हा ती खुर्चीच घरी आणली.

कुठलंही पुस्तक हातात आलं की ते आधी वाचत नसत. अंगठ्याने पानं सोडत सोडत फक्त आकडे बघत. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकदा बाइंडरने एका गाईडमध्ये सोळा पानांचा एक फर्मा दोनदा लावला होता आणि एक अजिबात लावला नव्हता. तेव्हापासून ही सवय. नितीनच्या भाच्याच्या वह्यासुद्धा ते तशाच तपासायचे. घरात यावरून हसणं व्हायचं. मीही हसायची. ही सवय मला चांगली माहीत होती — हे लक्षात ठेवा.

तर त्या दिवशी त्यांनी माझं प्रकरण उचललं, आकडे बघितले, मग दोन-चार पानं वाचली. चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "मानसी, हे तर प्रूफ आहे."

मी म्हटलं, "नाही अण्णा, विकत घेतलंय. पुस्तक लिहून व्हायचंय अजून."

"प्रुफं विकतात हे लोक?"

"हो."

"पैसे घेऊन?"

"हो."

"आमच्या शेठनी ऐकलं असतं तर वेडे झाले असते," अण्णा म्हणाले. "आम्हाला चुका काढायचा पगार द्यायचे. इथं गिऱ्हाईक पैसे देऊन चुका काढतंय!" आणि दिवसभर स्वतःशीच हसत होते.

दुसऱ्या दिवशी टेबलावर तेच प्रकरण होतं, समासात हिरव्या बॉलपेनच्या खुणा. त्यांच्या प्रेसमध्ये लाल रंग शेठचा आणि हिरवा अण्णांचा. एकवीस चुका. मी तेच प्रकरण दोनदा वाचलं होतं. मला तीन दिसल्या होत्या.

मी त्या वाचकांच्या जागी लिहिल्या. खातं माझं, नाव माझं. तेव्हा मनात काही नव्हतं. खरंच नव्हतं — की हे मी आता ठरवते आहे? माझ्या सासऱ्यांनी शोधल्या, ते प्रोग्रॅमर नाहीत, ते छापखान्यात होते — हे सगळं इंग्रजीतून कोण समजावत बसणार? एवढंच वाटलं. लेखक दूर कुठल्याशा थंड देशातला. त्याचं लगेच उत्तर आलं. इतकं बारकाईनं वाचणारं पहिल्यांदाच भेटलं, असं काहीसं. ते उत्तर मी अण्णांना वाचून दाखवलं नाही. म्हटलं, "चुका घेतल्या त्यांनी." तेवढ्यानेच ते खूश झाले.

पुढचं दीड वर्ष आमचं असं चाललं. प्रकरण आलं की रफिकभाईंकडे अण्णाच जायला लागले. रफिकभाई त्यांना चिडवायचे, "काय अण्णा, आज कच्चं पुस्तक की पिकलेलं?" आणि अण्णा म्हणायचे, "कच्चंच. पिकायला तुझ्या मशीनची धग कमी पडते." घरात त्या पुस्तकाचं नावच 'कच्चं पुस्तक' पडलं.

आणि हळूहळू ते नुसती अक्षरं बघेनासे झाले. चारच्या चहाला मला विचारायचे — ही ओळ काय करते? आकृतीत हा डबा का? यात आकडा जातो कुठून? मी सांगायची. त्यांनी चौकटीची वही आणली. प्रोग्रॅम एकेक ओळ करत ते हाताने चालवायचे, प्रत्येक चौकटीत आकडा लिहीत. पुस्तकात लिहिलं असेल की हे सात वेळा छापेल, तर अण्णा सात मोजून बघत. "सहाच निघतात गं माझे. माझं चुकलं का?" त्यांचं क्वचित चुकायचं. काही अडलं तर समासात हिरवं प्रश्नचिन्ह काढून भोवती गोल करायचे. मी उत्तर दिलं, पटलं, की त्या गोलाशेजारी बरोबरची खूण. उत्तर मिळाल्याशिवाय खूण नाही. प्रेसमधला नियम होता तो — शंका आपण काढायची, उत्तर लेखकाने द्यायचं, आणि मिटली की नाही हे प्रूफ वाचणाऱ्याने ठरवायचं.

सातव्या प्रकरणात एक उदाहरण होतं. नावांची यादी घ्यायची, अक्षरांप्रमाणे लावायची, छापायची. कितीतरी लोकांनी ते वाचलं होतं. जगभरचे, माझ्यासारखे शिकलेले. अण्णांनी अकरा नावं आत घातली आणि बाहेर दहा मोजली. दोन दिवस ते वही घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी म्हणाले, "याच्या यादीतलं शेवटचं नाव गळतं बघ. दरवेळी." मी संगणकावर चालवून पाहिलं. गळत होतं. ते इतकं उघड होतं की मला माझीच लाज वाटली. लेखकाने ते अख्खं प्रकरण नव्याने लिहिलं.

त्याच सुमारास अण्णांनी एकदा सहज विचारलं. कोथिंबीर निवडत होते. "यांच्यात प्रूफवाल्याचं नाव घालतात का गं पुस्तकात?"

"का हो?"

"सहज. आमच्यात कागदवाल्याचं घालायचे, ब्लॉकवाल्याचं घालायचे, बाइंडरचंसुद्धा. प्रूफवाल्याचं नाव फक्त चुका राहिल्या की निघायचं." आणि हसले.

मी म्हटलं, "नाही अण्णा. यांच्यातही नसतं तसं."

मला तेव्हा ठाऊक होतं की असतं. अशा पुस्तकांत सुरुवातीला आभाराची पानं असतात, आणि त्यांत चुका कळवणाऱ्यांची नावं असतात. माझ्या कपाटातल्या निदान चार पुस्तकांत होती. मग मी नाही का म्हणाले? अजून तर कोणी काही विचारलंही नव्हतं. म्हणजे माझ्या मनात ते आधीच होतं. खातं माझं म्हणून नाव माझं आलं, अशी पळवाट मला पुष्कळ दिवस पुरली. पण ही कोथिंबीर आठवली की पुरत नाही.

मग लेखकाचं पत्र आलं. ईमेल. पुस्तक छपाईला जातंय, आभारात तुमचा खास उल्लेख करायचा आहे, नाव कसं छापू ते कळवा.

बघा, किती सरळ विचारलं होतं त्याने. फसवणूक करायला जागाच नव्हती, ती मी केली. शेजारच्या खोलीत अण्णा चौकटीची वही घेऊन बसले होते. त्यांच्या खुर्चीचा आवाज येत होता. मी उत्तरात त्यांचं पूर्ण नाव टाइप केलं. रघुनाथ विष्णू सोनवणे. इंग्रजीत ते कसं दिसतं बघितलं. मग पुसलं. माझं लिहिलं. दोन्ही लिहिता आली असती. ते तेव्हा सुचलं नव्हतं असं मी म्हणणार नाही — सुचलं होतं. पण दोन नावं लिहिली असती तर कोणी काय केलं हे सांगावं लागलं असतं. मी फक्त माझं ठेवलं आणि पाठवून दिलं.

का, ते सांगू? सांगते, पण कारण म्हणून धरू नका. ऑफिसातले बाकी सगळे पुण्यात एकत्र बसतात, मी पडद्यावर एका कोपऱ्यातला चौकोन. मला वाटलं, एकदा तरी कोणी माझं नाव मोठ्याने घ्यावं. घेतलं. पूर्ण झालेलं पुस्तक संगणकावर आलं तेव्हा आमच्या प्रमुखाने मीटिंगमध्ये ते पान सगळ्यांना दाखवलं. टाळ्यांची चित्रं आली. महिन्याभरात मला इतरांचं काम तपासायची जबाबदारी मिळाली. मानसीची नजर आहे, असं म्हणाले. मी थँक्यू म्हटलं.

त्या पानावर शब्द असे होते, माझ्या मराठीत सांगायचं तर — नाशिकच्या मानसी यांचे विशेष आभार. त्यांनी प्रत्येक ओळ वाचली, प्रत्येक उदाहरण हाताने करून पाहिलं, आणि सातव्या प्रकरणातलं हरवलेलं नाव शोधून दिलं.

हाताने करून पाहिलं. हे मी त्याला कधीतरी कौतुकाने लिहिलं होतं. स्वतःबद्दल.

आता अडचण अशी की पूर्ण झालेलं पुस्तक अण्णांना हवं होतं. छापील प्रत यायला वेळ होता, पण पानांचे आकडे आता पक्के झाले होते, आणि त्यांना त्यांची यादी नव्या आकड्यांवर बसवायची होती. त्यांच्या प्रेसमध्ये बाइंडरकडून पहिली प्रत आली की ती शेठकडे जायच्या आधी अण्णांकडे यायची. ते आपली प्रुफं शेजारी ठेवून एकेक दुरुस्ती छापील पानावर पडताळायचे. ते झाल्याशिवाय काम संपलं असं नाही. या पुस्तकासाठीही त्यांनी वहीत रकाने आखले होते — क्रमांक, पान, दुरुस्ती, आणि शेवटचा रकाना 'पाहिले'. तो कोरा. तो छापील प्रतीसाठी. मी म्हटलं, संगणकावरचं बघून भरा की. तर म्हणाले, "पडद्यावरचं अजून बदलता येतं. झेरॉक्स म्हणजे काही छपाई नव्हे. कागदावर शाईनं आलं की मग संपलं."

त्या वेळी रफिकभाईंकडे मी स्वतः गेले. फाइल त्यांच्या संगणकात टाकली आणि सांगितलं, सुरुवातीची रोमन आकड्यांची पानं बारापर्यंत काढा, मग एकदम पंधरापासून. आभार तेरा-चौदावर होते.

"मधली दोन नको?" रफिकभाईंनी विचारलं.

"नको. जाहिरात आहे."

एवढंच. दोन पानं, एक कागद. मी स्पायरल घेऊन घरी आले, अण्णांच्या हातात दिलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. पुस्तक हातात आलं की जो माणूस आधी आकडे बघतो, त्याच्या हातात मी ते दिलं. मला ते आठवलं नाही. इतकी वर्षं ज्या सवयीला हसले, तीच मी विसरले. अण्णांनी अंगठ्याने पानं सोडली — मी तिथेच उभी होते — एका ठिकाणी अंगठा थांबला का? मला आठवत नाही. मी तेव्हा बघतच नव्हते बहुतेक. ते "छान आलंय," म्हणाले.

छापील पुस्तक पावसाळा संपताना आलं. अण्णा केस कापायला गेले होते. कुरिअरवाल्याकडून खोकं घेतलं, दार लावलं, आणि आधी पान तेरा उघडलं. होतं. काळ्या शाईत, चांगल्या कागदावर. मग ते परत खोक्यात घालून माझ्या कपाटात, लग्नातल्या शालूखाली ठेवलं. विचार असा होता की दोन-चार दिवसांत काहीतरी सुचेल. ते पान कापून टाकावं असंही मनात आलं. ब्लेड हातात घेतलंही होतं. कापलं नाही — चांगुलपणाने नाही. माझं नाव त्यावर होतं म्हणून.

दोन दिवसांनी अण्णांनी विचारलं, "तुझं कच्चं पुस्तक पिकलं का?"

मी म्हटलं, "तारीख पुढे गेली अण्णा."

किती सोपं होतं! यापूर्वी चार वेळा तारीख खरंच पुढे गेली होती. त्याच सुरात पाचव्यांदा सांगितलं. मग सहाव्यांदा. दिवाळीत नितीनने विचारलं — तो ठिबकचं सामान विकतो, कळवण-वणीकडे फिरतीवर असतो, घरातलं त्याला तुकड्यातुकड्यांनी कळतं — "काय हो अण्णा, तुमचं विलायती पुस्तक?" तर अण्णाच माझ्या वतीने म्हणाले, "अरे छपाई आहे. वेळ लागतोच. घाई केली की चुका राहतात." मी चकल्या तळत होते. पाठ फिरवायला निमित्त होतं.

शेल्फवर त्यांनी जागा करून ठेवली होती. स्पायरलच्या रांगेत, सगळ्यांत शेवटी, चार बोटं.

थंडी वाढली तसा त्यांना दम लागायला लागला. मग दवाखाना. आठ दिवस होते. सातव्या दिवशी दुपारी मी एकटी त्यांच्यापाशी होते. नाकातली नळी त्यांनी हाताने जरा बाजूला केली.

"आलं का गं?"

मी म्हणू शकले असते — आलंय, आत्ता घेऊन येते. रिक्षाने वीस मिनिटं. शालूखालून काढायचं, आणायचं. ते पान उघडलं असतं तर उघडलं असतं. त्यांना तेव्हा माझ्यावर रागवायचंसुद्धा बळ नव्हतं. मग मी कोणाला घाबरत होते?

"अजून नाही, अण्णा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "असू दे." आणि माझ्या हातावर दोनदा थोपटलं, माझीच समजूत काढल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

इथे थांबता आलं असतं. एवढंही पुरेसं वाईट आहे. पण तेराव्यानंतर मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढायला मी रफिकभाईंकडे गेले. त्यांनी पैसे घेतले नाहीत. मशीन चालू असताना म्हणाले, "मॅडम, अण्णांची एक गोष्ट आठवली की अजून हसू येतं. तुम्ही ते शेवटचं पुस्तक नेलं ना, दुसऱ्या दिवशी आले ते माझ्याकडे. म्हणे, रफिक, दोन पानं तुझ्या मशीनमध्ये अडकली बघ. मी म्हटलं, अण्णा, माझ्या मशीनला नाव ठेवू नका, मॅडमनीच वगळली, जाहिरात होती त्यावर."

"मग?"

"मग काय. म्हणाले, हां, मग जाहिरात असंल."

आवाजाच्या नकलेसकट सांगितलं त्यांनी. 'असंल'. फार थकले किंवा फार खूश असले की अण्णांच्या बोलण्यात कळवण यायचं. त्या वेळी ते खूश नसणार.

म्हणजे त्यांना माहीत होतं. काय माहीत होतं? पानं नाहीत, हे. ती मी काढली, हे. सुरुवातीच्या पानांत काय असतं हे छापखान्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यानंतर दिवाळी आली, 'घाई केली की चुका राहतात' आलं, दवाखाना आला, आणि तरी ते मला विचारत राहिले, आलं का गं. ते पुस्तकाबद्दल विचारत होते, की आणखी कशाबद्दल? मला माहीत नाही. त्यांनी मला माफ केलं होतं असं मानायला मला फार आवडेल. म्हणूनच मी ते मानत नाही.

मागच्या रविवारी नितीन म्हणाला, "वर्षश्राद्ध आलं. त्याआधी अण्णांचं शेल्फ आवरू या का? ही स्पायरलं कोणाच्या कामाची नाहीत, रद्दीत देऊ." त्याच्या दृष्टीने बरोबर होतं. मी म्हटलं, "मी बघते." तो पुन्हा फिरतीवर गेल्यावर मी अण्णांच्या खुर्चीत बसले. एका बाजूला त्यांची वही, दुसऱ्या बाजूला शालूखालचं पुस्तक. पहिल्यांदाच बाहेर काढलं. आणि एकेक दुरुस्ती छापील पानावर पडताळून पाहिली. चार दिवस लागले. तीनशे बारा होत्या. दोन सोडून सगळ्या घेतलेल्या आहेत. 'पाहिले'चा रकाना मात्र मी भरला नाही. बघायचं होतं त्यांनी.

सगळं झाल्यावर ते शेवटचं स्पायरल उघडलं, रोमन बारा आणि पंधरा जिथे समोरासमोर येतात तिथे. समासात हिरवं प्रश्नचिन्ह होतं. भोवती गोल. खाली त्यांच्या बारीक अक्षरात, '१३-१४?'

शेजारी बरोबरची खूण नव्हती. सगळ्या स्पायरलांत मिळून ती एकच शंका तशी राहिली आहे. मी पहिल्यापासून शोधून पाहिलं.

हे लिहायला आज सकाळी बसले. आधी पुस्तक परत त्याच्या खोक्यात घालून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. नितीन संध्याकाळी वणीहून येईल, तेव्हा ते तिथेच असेल, आणि हे कागदही. मग अण्णांचं बॉलपेन घेतलं. अजून चालतं. त्या गोलाखाली लेखकाने द्यायचं असतं तसं उत्तर लिहिलं — आभाराची पानं. त्यांवर रघुनाथ विष्णू सोनवणे यांचं नाव यायला हवं होतं. माझं आहे. मी काढली.

गोलाशेजारची जागा कोरी सोडली आहे. ती खूण करणं माझं काम नाही.